प्रवासात ओळखपत्रांची जपणूक

महाराष्ट्रातील माणूस वर्षाचा बराच काळ वाटेवर असतो. ज्येष्ठात देहू-आळंदीहून पालख्या निघतात आणि लक्षावधी वारकरी पंढरीची वाट चालू लागतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे जातात. गणेशोत्सवासाठी चाकरमानी कोकणात येतो, विद्यार्थी परीक्षांसाठी परगावी जातात आणि तालुक्याच्या कामासाठी रोज हजारो ग्रामस्थ एस.टी.ने ये-जा करतात. या सर्वांच्या गाठोड्यात, थैलीत किंवा खिशात आता भाकरी आणि कपडे यांच्याबरोबर आणखी एक वस्तू हटकून असते : प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ओळखीची कागदपत्रे.

ही कागदपत्रे हरवली तर होणारी गैरसोय सर्वांना ठाऊक आहे. परंतु या हानीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील भेद पुरेसा लक्षात घेतला जात नाही. हरवलेला कागद अर्ज करून, हेलपाटे घालून का होईना, पुन्हा मिळविता येतो. त्या कागदावरील माहिती मात्र एकदा अपरिचित हाती गेली की ती परत मागता येत नाही. नाव, जन्मतारीख, पत्ता, छायाचित्र आणि क्रमांक यांचा कोणी कोठे उपयोग केला, हे मूळ मालकाला बहुधा फार उशिरा कळते. म्हणूनच प्रवासात कागद आणि माहिती या दोहोंची स्वतंत्रपणे काळजी घेणे आवश्यक ठरते.

ओळखीचे बदललेले स्वरूप

एके काळी गावकऱ्याची ओळख म्हणजे पोलीस पाटलाचा किंवा सरपंचाचा दाखला आणि घरातील शिधापत्रिका. हे कागद एकेका कामापुरते असत. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले आणि ओळखीच्या पुराव्याचे स्वरूप पालटले. बारा अंकी क्रमांक, बोटांचे ठसे व डोळ्यांच्या बुबुळांची नोंद यांच्या आधारे देशात कोठेही माणसाची ओळख पटविता येऊ लागली. पुढे २०१६ मध्ये संसदेने यासंबंधीचा कायदा केला. आज बँक खाते, स्वस्त धान्य, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन अशा अनेक सेवांशी हा क्रमांक जोडलेला आहे.

जी किल्ली अनेक कुलपांना लागते, ती अधिक जपावी लागते. याबाबत अकारण भीती बाळगण्याचेही कारण नाही. केवळ आधार क्रमांक कळला म्हणून कोणालाही खात्यातून पैसे काढता येत नाहीत. त्यासाठी बोटाचा ठसा किंवा मोबाईलवर येणारा एकवेळचा संकेतांक, म्हणजेच ओटीपी, आवश्यक असतो. धोका निर्माण होतो तो निरनिराळी माहिती एकाच हाती गोळा झाल्यावर. कागदपत्राची स्वच्छ झेरॉक्स प्रत, छायाचित्र, स्वाक्षरी आणि मोबाईल क्रमांक एकत्र मिळाले की दुसऱ्याच्या नावे सिमकार्ड घेणे, कर्ज उचलणे किंवा गैरव्यवहाराच्या रकमा फिरविण्यासाठी खाते उघडणे असे तोतयेगिरीचे प्रयत्न शक्य होतात. फसवणूक करणारा पुढे बँकेचा अधिकारी असल्याचे भासवून दूरध्वनी करतो, तेव्हा त्याच्या तोंडी खातेदाराचा खरा पत्ता व खरी जन्मतारीख असते. आणि या खऱ्या माहितीमुळेच खातेदाराचा विश्वास बसतो.

दाखविणे आणि देणे

प्रवासात ओळखपत्र वारंवार मागितले जाते. परंतु प्रत्येक ठिकाणची गरज वेगळी असते. एस.टी.च्या वाहकाला ज्येष्ठ प्रवाशाचे वय पाहावयाचे असते. महाराष्ट्रात ६५ ते ७५ वर्षे वयाच्या नागरिकांना तिकिटात निम्मी सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवासाची सोय करण्यात आली आहे. येथे ओळखपत्र दाखविणे पुरेसे असते. रेल्वेचे तिकीट तपासनीस आरक्षित डब्यातील प्रवाशाची ओळख पाहतात. तेथेही पाहणे हाच उद्देश असतो. लॉज किंवा यात्री निवासामध्ये प्रवाशांची नोंद ठेवावी लागते, म्हणून तेथे प्रत मागण्याची पद्धत पडली आहे.

यावरून एक सोपा नियम करता येईल. जेथे दाखवून काम भागते, तेथे प्रत देऊ नये. जेथे प्रत द्यावीच लागते, तेथे आवश्यक तेवढीच माहिती असलेली प्रत द्यावी. आणि मूळ कागद कोणाच्याही ताब्यात ठेवून जाऊ नये.

आवश्यक तेवढीच माहिती देण्याची सोय आधारच्या व्यवस्थेतच आहे. पहिले आठ अंक झाकलेले आणि शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधारपत्र प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. जेथे केवळ ओळख पटवावयाची आहे, तेथे ही प्रत द्यावी. आधार क्रमांकाऐवजी वापरता येणारा सोळा अंकी आभासी क्रमांक २०१८ पासून उपलब्ध असून तो धारकाला हवा तेव्हा बदलता येतो. याखेरीज निवासाच्या नोंदीसाठी मतदार ओळखपत्र किंवा वाहन चालविण्याचा परवाना पुढे करता येतो. प्रत्येक ठिकाणी आधारच दिले पाहिजे असे नाही.

प्रत देताना तिच्यावर मजकुराला छेद जाईल अशा रीतीने तारीख, ठिकाण आणि कारण लिहावे. उदाहरणार्थ, ‘केवळ निवासाच्या नोंदीसाठी’. अशी प्रत पुढे अन्य कामासाठी वापरणे कठीण होते. मोबाईलवर छायाचित्र काढून ‘व्हॉट्सअ‍ॅप’वर पाठविण्याचा आग्रह झाल्यास मात्र नम्रपणे नकार द्यावा, कारण त्या छायाचित्राच्या किती प्रती होतील यावर कोणाचेही नियंत्रण राहत नाही.

या विषयात मध्यंतरी काही संभ्रमही निर्माण झाला होता. आधारची झेरॉक्स प्रत कोणालाही देऊ नये, अशा आशयाचे एक प्रसिद्धिपत्रक २७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बंगळूर येथील कार्यालयाने काढले. त्याचा चुकीचा अर्थ लावला जाण्याची शक्यता ध्यानी घेऊन दोनच दिवसांनी केंद्र शासनाने ते मागे घेतले आणि आधार क्रमांक वापरताना व देताना नागरिकांनी नेहमीचे तारतम्य बाळगावे, असे स्पष्ट केले. हे तारतम्य म्हणजे काय, एवढेच समजून घेणे अगत्याचे आहे.

किती न्यावे, कोठे ठेवावे

घरातील सर्व कागदपत्रे एकाच पिशवीत घालून प्रवासाला निघण्याची सवय अनेक कुटुंबांत आढळते. पिशवी हरवली की आधार, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, जातीचा दाखला, सारेच एकदम जाते. प्रवासाच्या कामाशी ज्याचा संबंध नाही असा कागद घरीच ठेवावा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, जमिनीचे दस्त व मूळ गुणपत्रिका या वस्तू विशेष कारणाशिवाय हलवू नयेत.

जे न्यावयाचे ते अंगावर, आतल्या खिशात किंवा कमरेच्या कशात ठेवावे. पैसे आणि ओळखपत्र यांच्या जागा निरनिराळ्या असाव्यात. एटीएम कार्डाच्या पाठीवर किंवा पाकिटातील चिठ्ठीवर गुप्त क्रमांक लिहून ठेवणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे होय. आधारचे मूळ पत्र, प्लॅस्टिकचे छोटे कार्ड आणि संगणकावरून उतरविलेले ई-आधार हे तिन्ही सारखेच ग्राह्य आहेत. त्यामुळे मूळ पत्र घरी ठेवून कार्ड किंवा ई-आधारची प्रत बरोबर नेणे सोयीचे ठरते.

ई-आधार उतरवितानाही सावधगिरी हवी. या धारिकेचा संकेतशब्द नावाची पहिली चार अक्षरे व जन्मवर्ष यांवरून तयार होतो. म्हणजे ज्याला धारकाचे नाव व जन्मवर्ष माहीत आहे, त्याला तो उलगडता येतो. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात प्रत काढून घेतल्यावर संगणकात राहिलेली धारिका आपल्यासमक्ष पुसून घ्यावी.

कागद टाळावयाचा असल्यास डिजिलॉकरची सोय आहे. १ जुलै २०१५ पासून सुरू झालेल्या या व्यवस्थेत शासकीय विभागांनी थेट दिलेली कागदपत्रे कायद्याने मूळ कागदपत्रांच्या बरोबरीची मानली जातात. रेल्वेने २०१८ मध्ये या सोयीतील आधार व वाहन परवाना ओळखीसाठी ग्राह्य ठरविला. मात्र त्यात एक भेद आहे. विभागाने दिलेली कागदपत्रे व धारकाने स्वतः छायाचित्र काढून चढविलेली कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. रेल्वेत पहिल्या कप्प्यातील कागदच चालतो; दुसऱ्यातील नाही.

वारीच्या वाटेवर

आळंदी ते पंढरपूर हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा पायी प्रवास भर पावसाळ्यात होतो. दिवे घाटाची चढण, नीरेचा काठ, रात्रीचा तंबू आणि शेवटी चंद्रभागेचे स्नान, या प्रत्येक टप्प्यावर कागद भिजण्याचा, गळून पडण्याचा किंवा चोरीस जाण्याचा संभव असतो. विशेषतः स्नानाच्या वेळी वाळवंटात ठेवलेल्या पिशव्यांकडे कोणाचेच लक्ष नसते. दिंडीतील चार-पाच जणांनी आळीपाळीने सामानाजवळ थांबण्याची शिस्त पाळल्यास मोठा त्रास वाचतो.

अनेक दिंड्यांमध्ये प्रमुख मंडळी वारकऱ्यांची यादी ठेवतात. ही प्रथा स्तुत्य आहे. परंतु त्या यादीसाठी प्रत्येकाच्या आधारची प्रत गोळा करण्याचे प्रयोजन नाही. नाव, गाव, नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक आणि मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार असल्यास त्याची नोंद, एवढे पुरेसे आहे. चुकामूक होणाऱ्या वृद्ध वारकऱ्यांच्या खिशात नाव, गाव व नातेवाइकाचा क्रमांक लिहिलेली जाड चिठ्ठी प्लॅस्टिकच्या आवरणात घालून ठेवावी. हरवलेला माणूस घरी पोहोचविण्यासाठी हीच चिठ्ठी अधिक उपयोगी पडते. तिच्यावर आधार क्रमांक लिहू नये.

ऊसतोडीचा हंगाम

यात्रेकरू पंधरा-वीस दिवसांत घरी परततो. ऊसतोड मजूर मात्र पाच-सहा महिने परमुलखात, उघड्या रानातील कोपीत राहतो. त्याच्या दृष्टीने कागदपत्रे ही रोजच्या अन्नाची आणि मुलांच्या शाळेची हमी असते. पाचटाच्या कोपीला आग लागण्याचे व अवकाळी पावसाने सामान भिजण्याचे भय कायम असते. म्हणून कागदपत्रे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत आणि त्यांच्या झेरॉक्स प्रतींचा एक संच गावी विश्वासू नातेवाइकाकडे असावा.

‘एक देश, एक शिधापत्रिका’ या योजनेमुळे स्थलांतरित कुटुंबाला अन्य ठिकाणच्या स्वस्त धान्य दुकानातून आपले धान्य उचलता येते. राज्याबाहेर धान्य उचलण्याचा पहिला प्रयोग ९ ऑगस्ट २०१९ रोजी ज्या राज्यांच्या जोड्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र व गुजरात ही एक जोडी होती. २०२२ पर्यंत ही सोय सर्व राज्यांत पोहोचली. तिच्यासाठी शिधापत्रिकेचा किंवा आधारचा क्रमांक आणि बोटाचा ठसा पुरतो. शिधापत्रिका दुकानदाराकडे ठेवण्याची गरज नसते.

उचल देताना मजुराचे आधारपत्र, शिधापत्रिका किंवा एटीएम कार्ड तारण म्हणून ठेवून घेण्याचा कोणत्याही मुकादमाला अधिकार नाही. ओळखपत्र गहाण पडले की मजुराला काम सोडून जाणे कठीण होते. कर्जापोटी माणसाला कामास जखडून ठेवण्याच्या प्रथेचे उच्चाटन करणारा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ सालीच झाला आहे. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्र देण्याचे काम ग्रामपंचायत स्तरावर सोपविण्यात आले आहे. टोळ्या निघण्यापूर्वी हे काम पुरे झाल्यास परगावी त्यांची अडवणूक कमी होते.

अंगठ्याचा ठसा उमटवून पैसे काढण्याच्या सोयीमुळे रानातील मजुरालाही बँकमित्राकडून रक्कम मिळते. मात्र ठसा देण्यापूर्वी यंत्रावर किती रक्कम नोंदविली आहे हे पाहावे, पावती घ्यावी आणि ‘ठसा उमटला नाही’ म्हणून पुन्हा ठसा मागितल्यास पहिला व्यवहार रद्द झाल्याची खात्री करून घ्यावी. ठशांची चोरी टाळण्यासाठी आधारच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईलवरील अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक नोंदीला कुलूप लावता येते. कुलूप असताना धान्य दुकानातही ठसा स्वीकारला जात नाही; म्हणून धान्य आणण्यापूर्वी ते तात्पुरते उघडावे.

मोबाईल : खिशातील दप्तर

आज अनेकांचे सर्व दप्तर मोबाईलमध्ये असते. त्यामुळे मोबाईल हरविणे म्हणजे कागदपत्रांची पेटी हरविणे होय. त्याला संकेतांकाचे कुलूप असावे. ओटीपीचे संदेश कुलूप लावलेल्या पडद्यावर वाचता येणार नाहीत अशी योजना करावी. आधार, पॅन व बँकेचे पुस्तक यांची छायाचित्रे इतर छायाचित्रांत मोकळी ठेवू नयेत.

स्थानकावरील मोफत वाय-फायवर बातम्या वाचण्यास हरकत नाही. बँकेचे व्यवहार मात्र स्वतःच्या मोबाईलच्या जोडणीवरूनच करावेत. सार्वजनिक ठिकाणच्या यूएसबी खोबणीतून माहिती चोरली जाण्याच्या संभवाकडे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत लक्ष वेधले आहे. स्वतःचा चार्जर साध्या विजेच्या खोबणीत लावणे हा त्यावरील सोपा उपाय होय. विमानाच्या किंवा रेल्वेच्या तिकिटाचे छायाचित्र उत्साहाने समाजमाध्यमावर टाकले जाते. त्यावरील आरक्षण क्रमांक व सांकेतिक चौकट यांवरून प्रवाशाची माहिती काढता येते. शिवाय घर बंद असल्याची वार्ताही गावभर होते.

हरविल्यास काय करावे

कागदपत्रे किंवा मोबाईल हरवल्याचे लक्षात येताच पुढील क्रमाने पावले उचलावीत. प्रथम बँकेला कळवून कार्ड व मोबाईलवरील व्यवहार थांबवावेत. नंतर मोबाईल कंपनीकडून सिमकार्ड बंद करून त्याच क्रमांकाचे नवे घ्यावे. जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. ही प्रत मिळाल्यावर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या व्यवस्थेतून हरवलेला मोबाईल देशभर बंद पाडता येतो. त्यासाठी यंत्राचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक लागतो; तो *#०६# ही कळ दाबली असता दिसतो आणि प्रवासापूर्वीच वहीत लिहून ठेवणे इष्ट असते. आपल्या नावावर किती मोबाईल क्रमांक आहेत, हेही याच व्यवस्थेत पाहता येते. अनोळखी क्रमांक आढळल्यास तेथेच कळवावे.

खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या दूरध्वनी क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठविण्याचा प्रयत्न या व्यवस्थेत होतो. त्यामुळे येथे प्रत्येक तासाला मोल आहे. आधारविषयक अडचणींसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

परदेशी जाताना

कोकणातून व अन्य जिल्ह्यांतून आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांनी पारपत्राविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९६७ च्या पारपत्र कायद्यानुसार पारपत्र ही सदैव केंद्र शासनाची मालमत्ता असते. ते गहाण ठेवण्याचा धारकाला किंवा अडवून ठेवण्याचा दलालाला हक्क नाही. पारपत्राच्या पहिल्या व शेवटच्या पानांची आणि व्हिसाची प्रत घरी ठेवून जावी. परदेशात ते हरवल्यास स्थानिक पोलिसांकडे नोंद करून भारतीय वकिलातीत जावे. नवे पारपत्र मिळण्यास अवधी लागत असल्यास मायदेशी परतण्यापुरता तातडीचा दाखला तेथे मिळू शकतो.

कायद्याचे संरक्षण

दुसऱ्याच्या ओळखीचा कपटाने वापर करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकणारा अपराध आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून माहिती गोळा करणाऱ्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याची तरतूद त्यांत आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी, आवश्यक तेवढीच आणि जरूर असेपर्यंतच ती ठेवावी, हे या कायद्याचे सूत्र आहे.

शाळा व पंचायतींचे कर्तव्य

हे सूत्र शासकीय कार्यालयांनी आणि स्थानिक संस्थांनीही अंगीकारावयाचे आहे. सहलीला निघालेल्या शिक्षकाच्या थैलीत वर्गातील सर्व मुलांच्या आधारच्या प्रतींचा गठ्ठा असेल, तर एक थैली हरवल्याने चाळीस कुटुंबांची माहिती रस्त्यावर येते. मुख्याध्यापकांच्या सहीची नावांची यादी व पालकांचे क्रमांक यांवर सहलीचे काम भागते. स्थलांतरित पालकांच्या मुलांना शिक्षण हमी पत्रक देऊन नव्या गावच्या शाळेत त्यांचा प्रवेश सुकर करणे, हेही शिक्षकांचेच काम आहे. लाभार्थ्यांच्या याद्या फलकावर लावताना ग्रामपंचायतीने त्यांतील आधार क्रमांक वगळलेच पाहिजेत. ते जाहीर करण्यास आधार कायद्याने मनाई आहे. काम संपल्यावर जुन्या प्रती रद्दीत न घालता फाडून नष्ट कराव्यात.

ग्रामसभेच्या नेहमीच्या दिवसांपैकी १ मेची सभा वारीच्या आधी आणि २ ऑक्टोबरची सभा गळीत हंगामाच्या तोंडावर येते. या दोन सभांत अर्धा तास या विषयाला द्यावा. ‘मास्क्ड’ आधार कसे काढावे, बायोमेट्रिक नोंदीला कुलूप कसे लावावे आणि १९३० वर तक्रार कशी करावी, हे गावातील जाणत्या तरुणांनी प्रत्यक्ष करून दाखवावे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या कागदांच्या पिशवीत हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. असे झाल्यास गावाबाहेर पडणारा प्रत्येक नागरिक आपली ओळख सुरक्षित राखूनच घरी परतू शकेल.